प्रतिपिंडाची साक्ष आणि संरक्षणाचा समज : दीर्घकालीन हिपॅटायटिस ‘सी’ संसर्गातील प्रतिपिंड-प्रतिसादाचे चिकित्सक परीक्षण

प्रस्तावना :

रोगप्रतिकारशास्त्रातील जे शब्द प्रयोगशाळेतून बाहेर पडून सामान्य व्यवहारात रुजले, त्यांत ‘अँटीबॉडी’ म्हणजेच ‘प्रतिपिंड’ हा शब्द अग्रभागी आहे. गोवर, धनुर्वात, हिपॅटायटिस ‘बी’ यांसारख्या रोगांवरील लसींच्या यशाने या शब्दाला एक ठाम अर्थ प्राप्त करून दिला. रक्तात प्रतिपिंड आहे म्हणजे शरीर सुरक्षित आहे, हा तो अर्थ होय. २०२० मध्ये जगभर पसरलेल्या कोविड-१९ च्या साथीत प्रतिपिंडांची पातळी हा घरोघरच्या चर्चेचा विषय झाला आणि हा अर्थ अधिकच दृढ झाला. तो अनेक रोगांच्या बाबतीत खरा आहे. परंतु तो सार्वत्रिक नाही.

हिपॅटायटिस ‘सी’ या विषाणूचा संसर्ग हे त्याचे ठळक उदाहरण होय. या विषाणूची बाधा झालेल्या व्यक्तींपैकी साधारणतः ३० टक्के व्यक्तींच्या शरीरातून तो सहा महिन्यांच्या आत औषधोपचाराविना नाहीसा होतो. उरलेल्या सुमारे ७० टक्के व्यक्तींच्या यकृतात तो ठाण मांडतो. सहा महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या या अवस्थेस दीर्घकालीन संसर्ग असे म्हटले जाते. वीस वर्षांच्या कालावधीत अशा १५ ते ३० टक्के रुग्णांना यकृतकाठिण्य म्हणजे सिरॉसिस होण्याचा धोका असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे ५ कोटी लोक दीर्घकालीन संसर्गाने बाधित आहेत आणि २०२२ या एका वर्षात या रोगाने सुमारे २ लाख ४२ हजार मृत्यू झाले. या बाधितांपैकी बहुतेक सर्वांच्या रक्तात विषाणूविरोधी प्रतिपिंडे असतात. प्रतिपिंड आणि विषाणू ही दोन्ही एकाच रक्तात वर्षानुवर्षे नांदतात.

या विसंगतीचा अर्थ लावताना दोन टोकांची विधाने केली जातात. पहिले विधान सर्वसामान्यांचे आहे : प्रतिपिंड म्हणजे संरक्षण. दुसरे पाठ्यपुस्तकी आहे : हिपॅटायटिस ‘सी’मध्ये प्रतिपिंडे निरुपयोगी असतात. ही दोन्ही विधाने उपलब्ध पुराव्याच्या कसोटीवर अपुरी ठरतात, कारण दोन्हींमधून काळाचे परिमाण वगळले गेले आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. त्यासाठी चाचणीचा इतिहास, आयर्लंड व पूर्व जर्मनी येथील दूषित औषधाच्या दोन घटना आणि गेल्या तीन दशकांतील संशोधन यांचा परामर्श घेतला आहे.

१. चाचणीतील प्रतिपिंड :

१९७० च्या दशकात रक्तसंक्रमणानंतर होणाऱ्या काविळीचा अभ्यास करताना हार्वे अल्टर व त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले की, बहुतांश रुग्णांना हिपॅटायटिस ‘ए’ही नव्हता आणि ‘बी’ही नव्हता. पुढील दशकभर हा रोग ‘नॉन-ए, नॉन-बी’ अशा नकारार्थी नावानेच ओळखला गेला. विषाणू सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नव्हता आणि प्रयोगशाळेत वाढतही नव्हता. १९८९ मध्ये मायकेल हॉटन, क्वी-लिम चू, जॉर्ज क्वो आणि डॅनियल ब्रॅडली यांनी निराळा मार्ग अवलंबिला. बाधित चिंपांझीच्या रक्तातील जनुकीय द्रव्यापासून त्यांनी असंख्य तुकड्यांचा संग्रह तयार केला आणि या तुकड्यांपासून बनणाऱ्या प्रथिनांपैकी कोणते प्रथिन रुग्णाच्या रक्तातील प्रतिपिंडे ओळखतात हे तपासले. सुमारे दहा लाख तुकड्यांमधून एक तुकडा ओळखला गेला आणि त्यावरून विषाणूचा शोध लागला. या विषयातील कार्यासाठी अल्टर, हॉटन व चार्ल्स राइस यांना २०२० चे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

या शोधातील एका बाबीकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. ज्या प्रतिपिंडांनी विषाणूची ओळख पटविली, ती दीर्घकालीन रोग जडलेल्या माणसाची होती. त्या माणसाला ती रोगमुक्त करू शकली नव्हती. मात्र विषाणू कोण आहे हे त्यांनी अचूक सांगितले. हिपॅटायटिस ‘सी’च्या प्रतिपिंडाची भूमिका अशा प्रकारे आरंभापासूनच साक्षीदाराची होती.

१९९० मध्ये वापरात आलेली पहिल्या पिढीची चाचणी याच शोधावर आधारलेली होती. १९९२ च्या दुसऱ्या पिढीच्या चाचणीत विषाणूच्या गाभ्याचे प्रथिन व अन्य प्रथिने समाविष्ट झाल्याने तिची क्षमता वाढली. रक्तपेढ्यांमधील संक्रमण रोखण्यात या चाचण्यांचे योगदान फार मोठे आहे. तथापि, त्या कोणती प्रतिपिंडे मोजतात हा प्रश्न येथे महत्त्वाचा ठरतो. प्रचलित चाचण्यांतील प्रथिने मुख्यतः विषाणूच्या अंतर्भागातील किंवा बाधित पेशीच्या आतच तयार होणारी आहेत. अखंड विषाणूकणाच्या पृष्ठभागावर ती नसतात. त्यामुळे त्यांच्याविरुद्धची प्रतिपिंडे विषाणूला पेशीत शिरण्यापासून रोखू शकत नाहीत. तो प्रवेश रोखणारी, म्हणजेच निष्प्रभकारी प्रतिपिंडे विषाणूच्या आवरणावरील ‘ई-१’ आणि ‘ई-२’ या प्रथिनांना चिकटावी लागतात. नेहमीची चाचणी त्यांचे मापन करीत नाही.

याचा अर्थ असा की, ‘प्रतिपिंड’ या एकाच शब्दाखाली दोन भिन्न गोष्टी नांदत आहेत. एक ओळख पटविणारी आणि दुसरी अटकाव करणारी. घटनास्थळाचा पंचनामा आणि न्यायालयाचा निकाल यांत जो फरक असतो, तसाच फरक येथे आहे. पंचनामा काय घडले ते सांगतो; खटल्याचा शेवट काय झाला हे त्यात लिहिलेले नसते.

हिपॅटायटिस ‘बी’शी तुलना केल्यास हा गोंधळ अधिक स्पष्ट होतो. ‘बी’ विषाणूच्या पृष्ठभागावरील प्रतिजनाविरुद्धचे प्रतिपिंड रक्तात पुरेशा प्रमाणात असणे, हे सामान्यतः संरक्षणाचे चिन्ह मानले जाते. लसीचे यशही त्यावरूनच मोजले जाते. ‘सी’चे प्रतिपिंड मात्र केवळ विषाणूशी झालेल्या गाठीची नोंद असते. दोन्ही अहवालांवर शब्द एकच असतो : ‘पॉझिटिव्ह’. पहिल्या अहवालातील ‘पॉझिटिव्ह’ दिलासा देणारा आणि दुसऱ्यातील पुढील तपासणीची गरज सांगणारा आहे, हे शब्दावरून कळण्याचा कोणताही मार्ग नाही.

२. संरक्षक प्रतिपिंडातून आलेला रोग : आयर्लंड व पूर्व जर्मनी

दीर्घकालीन संसर्गातील प्रतिपिंड-प्रतिसादाचा अभ्यास करण्यात एक मूलभूत अडचण असते. बहुतेक रुग्णांना बाधा केव्हा झाली हे माहीत नसते, कारण आरंभीची अवस्था बहुधा लक्षणांविना निघून जाते. ही अडचण ज्या दोन घटनांमुळे दूर झाली, त्या दोन्ही घटना वैद्यकीय इतिहासातील दुःखद प्रकरणे आहेत.

आईचा रक्तगट आरएच-निगेटिव्ह आणि बाळाचा आरएच-पॉझिटिव्ह असेल, तर आईच्या शरीरात बाळाच्या रक्तपेशींविरुद्ध प्रतिपिंडे तयार होऊन पुढील अपत्यास धोका पोहोचू शकतो. तो टाळण्यासाठी प्रसूतीनंतर आईला ‘अँटी-डी’ नावाचे इंजेक्शन दिले जाते. हे औषध म्हणजे दुसऱ्या माणसांच्या रक्तद्रवातून वेगळी केलेली प्रतिपिंडेच होत. १९७७-७८ मध्ये आयर्लंडमध्ये आणि ऑगस्ट १९७८ ते मार्च १९७९ या काळात पूर्व जर्मनीत या औषधाचे काही साठे हिपॅटायटिस ‘सी’ विषाणूने दूषित झाले. विषाणूचा शोध तेव्हा लागलेला नव्हता. मात्र आयर्लंडमध्ये ज्या महिलेच्या रक्तद्रवापासून औषध तयार झाले, तिला १९७६ मध्ये कावीळ झाली होती आणि तरीही तिचा रक्तद्रव वापरण्यात आला, हे पुढे न्यायाधीश फिन्ले यांच्या चौकशी न्यायाधिकरणासमोर उघड झाले. न्यायाधिकरणाचा अहवाल मार्च १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. डिसेंबर १९९१ मध्ये लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयाने जुने नमुने बाधित असल्याचे तेथील रक्तसंक्रमण मंडळास कळविले होते. राष्ट्रीय तपासणी मोहीम सुरू होण्यास मात्र फेब्रुवारी १९९४ उजाडावे लागले. भरपाईसाठी न्यायालयात गेलेल्या ब्रिजिड मॅककोल यांचे ऑक्टोबर १९९६ मध्ये निधन झाले.

या प्रकरणाचा उलगडा प्रतिपिंड-चाचणीमुळेच होऊ शकला. कॉर्क येथील रक्तसंक्रमण अधिकारी जोन पॉवर यांच्या लक्षात आले की, प्रतिपिंड आढळलेल्या रक्तदात्यांमध्ये आरएच-निगेटिव्ह स्त्रियांचे प्रमाण असाधारण आहे. सोळा-सतरा वर्षांपूर्वी घडलेल्या घटनेची नोंद या स्त्रियांच्या रक्ताने जपून ठेवली होती. साक्षीदार म्हणून प्रतिपिंडाने आपले काम चोख बजावले होते.

तपासणीचे निष्कर्ष एलिझाबेथ केनी-वॉल्श यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केले. ६२,६६७ स्त्रियांची तपासणी झाली. त्यांपैकी ७०४ जणींच्या रक्तात पूर्वीच्या किंवा चालू संसर्गाचा पुरावा आढळला आणि या ७०४ पैकी ३९० जणींच्या, म्हणजे ५५ टक्के स्त्रियांच्या रक्तात प्रत्यक्ष विषाणूचे जनुकीय द्रव्य, अर्थात आरएनए सापडले. उर्वरित ३१४ जणींबाबत प्रतिपिंड-अहवाल संसर्गाचीच साक्ष देत होता. विषाणू मात्र रक्तात आढळत नव्हता. पूर्व जर्मनीत २,८६७ स्त्रियांना दूषित औषध मिळाले होते. मॅनफ्रेड वीझे व सहकाऱ्यांनी त्यांपैकी १,०१८ जणींचा वीस वर्षांनंतर अभ्यास केला, तेव्हा तेथेही ८५ टक्के स्त्रियांमध्ये प्रतिपिंड, परंतु केवळ ५५ टक्के स्त्रियांमध्ये विषाणू आढळला.

हे आकडे आकडेवारीपुरते मर्यादित नाहीत. प्रतिपिंड-अहवाल हाती पडलेल्या प्रत्येक स्त्रीला ‘मला रोग आहे का?’ या एकाच प्रश्नाचे उत्तर हवे होते आणि नेमके तेच उत्तर त्या अहवालात नव्हते. जिच्या शरीराने विषाणू हद्दपार केला होता आणि जिच्या यकृताची हानी सतरा वर्षे अबोलपणे चालू होती, त्या दोघींच्या हाती पडणाऱ्या कागदावर शब्द सारखाच होता.

३. प्रतिसादाची वेळ :

एकाच उगमाचा विषाणू, जवळपास सारख्या वयाच्या स्त्रिया आणि बाधेची ज्ञात तारीख यांमुळे जर्मन स्त्रियांच्या जतन केलेल्या रक्तनमुन्यांना संशोधनात असाधारण मोल प्राप्त झाले. २००० मध्ये ताकाकी व सहकाऱ्यांनी दाखविले की, रोगमुक्त झालेल्या अनेक स्त्रियांच्या रक्तातील प्रतिपिंडे १८ ते २० वर्षांत क्षीण किंवा नाहीशी झाली होती. विषाणूला ओळखणाऱ्या टी-लसिकापेशी मात्र टिकून होत्या. प्रतिपिंडाची चिरस्थायी उपस्थिती हे सामर्थ्याचे लक्षण मानण्याच्या सवयीस या निष्कर्षाने धक्का दिला. ज्या शरीराने लढाई जिंकली तेथे साक्षीदार हळूहळू पांगला. जेथे लढाई संपलीच नाही, तेथे तो कायम हजर राहिला.

२००७ मध्ये पेस्टका व सहकाऱ्यांनी याच स्त्रियांमधील निष्प्रभकारी प्रतिपिंडांचे मापन केले. विषाणूच्या आवरणाची प्रथिने धारण करणारे कृत्रिम कण २००३ मध्ये उपलब्ध झाल्यानंतरच असे मापन शक्य झाले होते. ज्या स्त्रिया रोगमुक्त झाल्या, त्यांच्यात ही प्रतिपिंडे संसर्गाच्या आरंभीच वेगाने निर्माण झाली होती. ज्यांचा संसर्ग दीर्घकालीन झाला, त्यांच्यात आरंभीच्या काळात ती नव्हती किंवा अत्यल्प होती. मात्र पुढे याच दुसऱ्या गटात विविध प्रकारच्या विषाणूंना निष्प्रभ करू शकणारी प्रबळ प्रतिपिंडे निर्माण झाली आणि तरीही विषाणू हटला नाही. सामर्थ्य होते, पण ते वरातीमागून आलेले घोडे ठरले.

उशिरा येणे इतके महाग का पडते, याचे उत्तर विषाणूच्या स्वभावात आहे. दीर्घकालीन रुग्णाच्या शरीरात दररोज सुमारे एक हजार अब्ज विषाणूकण निर्माण होतात, असा अंदाज १९९८ मध्ये मांडण्यात आला. आरएनएची नक्कल करणाऱ्या विषाणूच्या विकराजवळ चुका दुरुस्त करण्याची सोय नाही. परिणामी एकाच रुग्णाच्या रक्तात परस्परांपासून किंचित भिन्न अशा विषाणूंचा समुदाय वावरत असतो. ‘ई-२’ प्रथिनाच्या टोकाशी असलेला सुमारे २७ अमिनो आम्लांचा भाग तर इतका बदलतो की, त्यास ‘अतिपरिवर्तनशील क्षेत्र’ असेच नाव मिळाले. प्रतिपिंडांचे लक्ष प्रामुख्याने याच भागाकडे वेधले जाते. शरीर एका रूपाविरुद्ध प्रतिपिंड घडवीपर्यंत दुसरे रूप प्रबळ झालेले असते. याखेरीज आवरणावरील शर्करेच्या साखळ्या मर्मस्थाने झाकतात, विषाणू रक्तातील मेदप्रथिनांच्या संगतीने वावरतो आणि तो एका पेशीतून लगतच्या पेशीत थेटही जाऊ शकतो.

संशोधन-साहित्यात ‘एच’ या अक्षराने ओळखल्या जाणाऱ्या एका रुग्णाच्या नमुन्यांवरून हा पाठलाग प्रत्यक्ष दिसून आला. या रुग्णास १९७७ मध्ये रक्तसंक्रमणानंतर बाधा झाली होती. १९९४ मध्ये पॅट्रिझिया फार्ची व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात या रुग्णाचा दोन वर्षांनंतरचा रक्तद्रव मूळ विषाणूत मिसळल्यावर तो विषाणू चिंपांझीला बाधा करू शकला नाही. अकरा वर्षांनंतरच्या रक्तद्रवात मात्र ते सामर्थ्य उरले नव्हते. २००७ मध्ये फॉन हान व सहकाऱ्यांनी त्याच रुग्णाच्या २६ वर्षांच्या नमुन्यांचा मागोवा घेतला, तेव्हा प्रत्येक टप्प्यावरील प्रतिपिंडे आधीच्या विषाणूरूपांना निष्प्रभ करीत होती, परंतु त्या क्षणी रक्तात असलेल्या रूपांना नाही, असे दिसून आले. प्रतिपिंड खोटे बोलत नव्हते. ते कालच्या शत्रूविषयी बोलत होते.

४. ‘निरुपयोगी’ या निर्णयाची चिकित्सा :

वरील विवेचनावरून हिपॅटायटिस ‘सी’मध्ये प्रतिपिंडांचा उपयोगच नाही, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. त्याच्या समर्थनार्थ टी-लसिकापेशींविषयीचे संशोधन पुढे केले जाते. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चिंपांझींवरील प्रयोगांत या पेशींच्या उपप्रकारांची संख्या कृत्रिमरीत्या घटविल्यावर, पूर्वी विषाणूवर मात केलेल्या प्राण्यांचेही त्यावरील नियंत्रण ढासळले होते. या पेशींचे महत्त्व त्यावरून निर्विवाद ठरते. परंतु एकाचे महत्त्व सिद्ध झाल्याने दुसऱ्याची निरर्थकता सिद्ध होत नाही.

या संदर्भात लसीच्या चाचणीचा निकाल विचारात घ्यावा लागतो. केवळ टी-पेशींना जागृत करणारी आणि आवरणाची प्रथिने वगळलेली एक लस अमेरिकेतील बॉल्टिमोर, सॅन फ्रान्सिस्को व अल्बुकर्की येथे ५४८ व्यक्तींवर अजमावण्यात आली. २०२१ मध्ये निकाल जाहीर झाला. लस घेतलेल्यांपैकी बहुतेकांमध्ये टी-पेशींचा प्रतिसाद निर्माण झाला होता. तरीही लस मिळालेल्या आणि न मिळालेल्या अशा दोन्ही गटांत दीर्घकालीन संसर्ग झालेल्यांची संख्या सारखीच, म्हणजे प्रत्येकी १४ होती. टी-पेशींचा प्रतिसाद आवश्यक असला, तरी तो एकटा पुरेसा ठरेलच असे नाही, हा या निकालाचा बोध होय. आवरणाची प्रथिने वगळून लस रचण्यामागे प्रतिपिंडांविषयीची निराशाही काही अंशी कारणीभूत असावी, असे म्हणण्यास जागा आहे.

उलटपक्षी, केवळ प्रतिपिंडांवर भिस्त ठेवणेही फोल ठरते. यकृत-प्रत्यारोपणाच्या वेळी नव्या यकृतास बाधा होऊ नये म्हणून दीर्घकालीन रुग्णांना ‘ई-२’ प्रथिनाविरुद्धचे एकाच प्रकारचे निष्प्रभकारी प्रतिपिंड देण्याचा प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. विषाणूचे पुनरागमन लांबले. परंतु ते टळले नाही. पुन्हा उसळलेल्या विषाणूमध्ये नेमक्या त्या प्रतिपिंडाला चुकविणारे बदल झालेले होते. प्रतिपिंडाचा दबाव विषाणूला जाणवतो, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता? ज्याचा काहीच परिणाम होत नाही, त्याला चुकविण्यासाठी विषाणूला रूप बदलावे लागले नसते.

बॉल्टिमोर येथे सुईने अमली पदार्थ घेणाऱ्या व्यक्तींच्या दीर्घकालीन अभ्यासातूनही, एकदा विषाणूवर मात केलेल्या व्यक्तींना पुन्हा बाधा होऊ शकते, मात्र त्यांपैकी बहुतेक जण ती पुन्हा परतवून लावतात, असे दिसून आले. संरक्षण येथे आहे. परंतु ते सापेक्ष आहे आणि प्रतिपिंड व पेशी या दोन्हींच्या वेळेवर झालेल्या सहकार्यावर अवलंबून आहे. म्हणून ‘निरुपयोगी’ हे विशेषण वापरण्याऐवजी ‘बहुधा उशिरा आलेले’ असे म्हणणे वस्तुस्थितीस अधिक धरून होईल.

५. प्रतिसादाचा उपद्रव :

विषाणू न हटताही प्रतिपिंडांची निर्मिती वर्षानुवर्षे चालू राहिली, तर तीच रोगास कारण होऊ शकते. दीर्घकालीन संसर्ग असलेल्या काही रुग्णांच्या रक्तात थंडाव्याने साकळणारी प्रतिपिंडांची संयुगे तयार होतात. या विकृतीस ‘मिश्र क्रायोग्लोब्युलिनेमिया’ म्हणतात. ही संयुगे लहान रक्तवाहिन्यांत अडकल्याने पायांवर जांभळट पुरळ उठते, सांधे दुखतात, नसांना आणि मूत्रपिंडांना इजा होते. या साकळलेल्या भागात विषाणूचे आरएनए एकवटलेले असते, असे १९९२ मध्ये दाखविण्यात आले. सतत उद्दीपित राहिलेल्या बी-लसिकापेशींमधून काहींना लसिकार्बुदही होतो. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच अभ्यासात प्लीहेच्या विशिष्ट लसिकार्बुदाच्या ९ बाधित रुग्णांना इंटरफेरॉनचे उपचार दिल्यावर ७ जणांच्या रक्तातून विषाणू नाहीसा झाला आणि त्याबरोबर अर्बुदही ओसरले. ‘प्रतिपिंड जितके अधिक तितके चांगले’ या समजाला या रुग्णांचा अनुभव छेद देतो.

६. अहवाल, शब्द आणि माणूस :

सोफोसबुव्हिरसारखी थेट विषाणूवर काम करणारी औषधे २०१३ च्या अखेरीपासून उपलब्ध झाली. आठ ते बारा आठवडे गोळ्या घेतल्याने आज ९५ टक्क्यांहून अधिक रुग्ण बरे होऊ शकतात. भारतात २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य यकृतदाह नियंत्रण कार्यक्रमांतर्गत निदान व उपचार मोफत दिले जातात. त्यातही प्रथम प्रतिपिंड-चाचणी आणि ती ‘पॉझिटिव्ह’ आल्यास आरएनए-चाचणी असाच क्रम आहे. रोग बरा होऊ शकत नव्हता तेव्हा अहवालाच्या चुकीच्या वाचनाने मनस्ताप होत असे. आता त्याने उपचाराची संधी जाते. म्हणून या वाचनाचे मोल पूर्वीपेक्षा वाढले आहे.

चुकीचे वाचन तीन प्रकारे होते. पहिला प्रकार म्हणजे प्रतिपिंडालाच रोग मानणे. महाराष्ट्रासह देशातील सर्व रक्तपेढ्यांत प्रत्येक रक्तपिशवीची हिपॅटायटिस ‘सी’साठी तपासणी बंधनकारक आहे. निरोगी रक्तदात्यांत रोगाचे प्रमाण अल्प असल्याने ‘रिॲक्टिव्ह’ आलेल्या अहवालांत खोट्या निकालांचा वाटा लक्षणीय असतो. रक्त बाजूला काढणे योग्यच. परंतु आरएनए-चाचणीपूर्वीच दात्याला रुग्ण ठरविणे अयोग्य होय. दुसरा प्रकार म्हणजे प्रतिपिंडाला संरक्षण मानून पुढील चाचणी न करणे. कोणतेही लक्षण नसलेला माणूस या समजाने निर्धास्त राहतो आणि यकृताची हानी चालू राहते. तिसरा प्रकार म्हणजे बऱ्या झालेल्या माणसाला पुन्हा आजारी ठरविणे. उपचारानंतरही प्रतिपिंडे अनेक वर्षे रक्तात राहतात; त्यामुळे शस्त्रक्रियेपूर्वीच्या किंवा नोकरीच्या वेळच्या तपासणीत तोच ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द पुन्हा उमटतो. याउलट, पुन्हा बाधा झाल्यास ही चाचणी ते ओळखूही शकत नाही, कारण तिचे उत्तर आधीपासूनच होकारार्थी असते.

नवजात बालकाच्या बाबतीत हा प्रश्न अधिक नाजूक होतो. आईची प्रतिपिंडे वारेतून बाळाच्या रक्तात उतरतात आणि सुमारे दीड वर्षापर्यंत टिकू शकतात. प्रत्यक्ष विषाणू मात्र साधारण शंभरातील पाच-सहा बालकांनाच आईकडून मिळतो. म्हणजे बाळाच्या रक्तातील प्रतिपिंड ही आईच्या इतिहासाची साक्ष असते. बाळाविषयी ते काहीच सांगत नाही.

यावर उपाय तंत्रज्ञानाच्या आवाक्यात आहे. प्रतिपिंड आढळताच त्याच रक्तनमुन्यावर आरएनए-चाचणी करण्याची पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये शिफारशीत समाविष्ट केली. त्यामुळे रुग्णास दुसऱ्यांदा हेलपाटा पडत नाही आणि अर्धवट उत्तर घेऊन कोणी घरी जात नाही. परंतु यंत्राबरोबर भाषेचीही सुधारणा आवश्यक आहे. ‘पॉझिटिव्ह’ या एकाच शब्दाऐवजी ‘पूर्वी विषाणूचा संपर्क झाल्याचे चिन्ह; सध्या संसर्ग आहे किंवा नाही यासाठी आरएनए-चाचणी आवश्यक’ असे एक वाक्य मराठीत अहवालावर छापणे अवघड नाही. महाविद्यालयांतील रक्तदान शिबिरे आणि आरोग्य-तपासण्या यांच्याशी अध्यापकांचा नित्य संबंध येतो. अहवाल हातात घेऊन घाबरलेला विद्यार्थी प्रथम त्यांच्याकडेच येतो, हे लक्षात घेता हा विषय केवळ वैद्यकशास्त्राचा राहत नाही.

निष्कर्ष :

१) हिपॅटायटिस ‘सी’च्या नेहमीच्या चाचणीत मोजले जाणारे प्रतिपिंड आणि विषाणूला निष्प्रभ करणारे प्रतिपिंड या भिन्न गोष्टी आहेत, पहिल्यावरून दुसऱ्याचे अनुमान काढता येत नाही.

२) आयर्लंड व पूर्व जर्मनी येथील स्त्रियांच्या अभ्यासावरून असे दिसते की, प्रतिपिंडाच्या केवळ अस्तित्वापेक्षा ते केव्हा निर्माण झाले हे अधिक निर्णायक असते.

३) दीर्घकालीन संसर्गातील प्रतिपिंडे निष्क्रिय नसतात, ती विषाणूवर दबाव आणतात, परंतु त्याच्या बदलत्या रूपांच्या मागे राहतात आणि काही रुग्णांत स्वतःच विकृती निर्माण करतात.

४) लसीच्या संशोधनात प्रतिपिंड आणि टी-पेशी यांपैकी एकाचीच निवड करण्याची भूमिका पुराव्यास धरून नाही.

५) प्रतिपिंड-अहवाल हा भूतकाळाचा दाखला होय. वर्तमानाचा निर्णय आरएनए-चाचणीनेच करावा लागतो.

१९९४ मध्ये आयर्लंडच्या शेकडो स्त्रियांना त्यांच्या रक्ताने सतरा वर्षांपूर्वीचे सत्य सांगितले. त्या सत्याचा उरलेला अर्धा भाग सांगण्याची जबाबदारी चाचणी करणाऱ्यांची आणि अहवाल वाचून दाखविणाऱ्यांची होती. आज उपचार हाती असताना ती जबाबदारी अधिकच वाढली आहे.